अलंकार ओळखायचे कसे: लिस्ट पाठ न करता, रोजच्या बोलण्यातून

बुधवारी गंगेवर बाजार भरतो. हे वाक्य नाशिकमधे कोणालाच विचित्र वाटत नाही, पण बाहेरून नवीन आलेल्या माणसाला लगेच दोन शंका येतात, एक म्हणजे गंगा तर तिकडे काशीला, इथे गोदावरी आहे, आणि दुसरी म्हणजे नदीवर बाजार भरेलच कसा, मेथीच्या जुड्या काय पाण्यात तरंगतायत का. आपल्याला मात्र ऐकल्या ऐकल्या कळतं की गोदाकाठी घाटावर बाजार भरतो. म्हणजे आपल्या डोक्याने क्षणात एक काम केलं, शब्दाचा सरळ अर्थ लावून बघितला, तो अडला, मग त्या शब्दाच्या शेजारचा अर्थ उचलला आणि पुढे गेलं. अलंकार ओळखणं म्हणजे हेच काम, फक्त जरा सावकाश आणि लक्ष देऊन करायचं.

मला हे कळलं तेव्हा खूप आनंद झाला होता, कारण संस्कृत काव्यशास्त्रात शेकडो वर्षं जवळजवळ हेच वाक्य उदाहरण म्हणून देतात, "गंगायां घोषः", गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. प्रवाहावर वस्ती शक्य नाही म्हणून गंगा म्हणजे गंगेचा काठ. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा, तो अडल्यावर शेजारचा अर्थ देणारी लक्षणा, आणि मग तिसरी गोष्ट, सरळ "काठावर" न म्हणता "गंगेवर" म्हटल्याने जो गारवा आणि पवित्रपणा मनात येतो ती व्यंजना. हे तीन शब्द एवढे समजले की पुढचं अर्धं काम झालं असं मी मानते, म्हणून सुरुवात इथून करतेय.

माझी भाची नववीत आहे, तिच्याबरोबर तिच्या दोन मैत्रिणी आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा शेजारचा एक मुलगा असे चौघं रविवारी घरी बसतात, त्यांना शिकवता शिकवता ही पद्धत बसत गेली. आम्हाला शाळेत वेगळं शिकवलं होतं. फळ्यावर एक तक्ता, "सारखा, समान, प्रमाणे, परी दिसलं की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा", आणि तो पाठ करायचा. मी पाठ केला आणि मार्क घालवले. कसे घालवले ते पुढे सांगते, कारण ती चूक आजही मुलं करतात.

पहिली पायरी: मोठ्याने वाचा

कविता डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने वाचा, दोनदा. पहिल्यांदा अर्थाकडे बघूच नका, फक्त कुठे जीभ एकाच ठिकाणी परत परत आपटतेय आणि कुठे ओळीच्या शेवटी तोच आवाज परत येतोय ते पेन्सिलने खूण करा. तेच अक्षर सारखं आलं की अनुप्रास, ओळीच्या किंवा चरणाच्या शेवटी आवाज जुळला की यमक. यमकासाठी मी उखाणे वापरते कारण ते प्रत्येकाने लग्नात ऐकलेले असतात. हा आमच्या रविवारच्या वर्गात केलेला:

द्राक्षाच्या मांडवाखाली सावली पडते दाट,
अमुकरावांचा हात धरून चढले ब्रह्मगिरीची वाट.

आता "वाट" काढून "पायऱ्या" घाला. अर्थ बिघडला का? नाही. उखाणा मेला का? हो, जागेवर. ही झाली दुसरी पायरी आणि माझ्या मते सगळ्यात कामाची.

दुसरी पायरी: शब्द बदलून बघा

अलंकाराचे मोठे दोन गट, शब्दालंकार आणि अर्थालंकार. कोणता कुठे ते ठरवायला जुन्या शास्त्रकारांनीच ही सोपी परीक्षा दिलीय, त्या शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द ठेवा. मजा गेली तर ती मजा शब्दाची होती, शब्दालंकार. मजा तशीच राहिली तर अर्थाची, अर्थालंकार.

"गाढवाला गुळाची चव काय" घ्या. बदलून "बैलाला साखरेची चव काय" म्हणा. ग आणि ग ची जी टक्कर होती ती गेली, म्हणजे अनुप्रास गेला. पण टोमणा अजून तसाच लागतोय ना? बोलतोय जनावराबद्दल आणि रोख आहे माणसावर, ते टिकलं. ते अर्थाचं काम आहे, त्याला अन्योक्ती म्हणतात. म्हणजे एका म्हणीत दोन अलंकार निघाले आणि शब्द बदलल्यावर एक गळाला, एक राहिला. मुलांना मी सांगते की एका ओळीला एकच उत्तर असतं हे आधी डोक्यातून काढा, परीक्षेत जास्त ठळक असेल तो लिहायचा एवढंच.

श्लेषाला ही परीक्षा फार छान लागू पडते. देव भावाचा भुकेला असं आपण म्हणतो. आता म्हणा, "लासलगावला कांद्याचं ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी पण देवासारखाच, भावाचा भुकेला." इथे भाव हा एकच शब्द आहे, देवाकडे गेला की श्रद्धा आणि शेतकऱ्याकडे आला की दर. भावाच्या जागी दर घालून बघा, देव लगेच निसटतो. एका शब्दात दोन अर्थ एकाच वेळी जिवंत असतील तर श्लेष. आणि बघा, शेतकरी देवासारखा आहे ही उपमा पूर्ण या एका शब्दावर उभी आहे, शब्द गेला की उपमाही गेली. मला हे असं एकात एक अडकलेलं सापडलं की दिवसभर बरं वाटतं.

तिसरी पायरी: सरळ अर्थ अडतो का

आता अर्थाकडे. प्रत्येक वाक्याला विचारा, हे शब्दशः खरं असू शकतं का? "मी दोन प्लेट संपवल्या", प्लेट खाल्ली का? "अख्खं नाशिक रस्त्यावर उतरलं", घरं उतरली का? अडलं की समजा इथे काहीतरी आहे. पण इथे एक सावधगिरी, अडलं म्हणजे लगेच अलंकार नाही. बाटलीचं तोंड, कपाचा कान, रस्ता कॉलेज रोडला जातो, घड्याळ चालतं, ही सगळी कधीतरी कोणाची तरी कल्पना असणार पण आता ती त्या वस्तूंची नावंच झालीत. आपल्याकडे द्राक्षवाले काडीवरच्या कोंबाच्या जागेला डोळा म्हणतात, काडीला किती डोळे ठेवायचे हे छाटणीच्या वेळी मोजतात. शेतकरी "चार डोळे ठेव" म्हणतो तेव्हा तो कविता करत नाहीये, कामाचं बोलतोय. पण कोणी लिहिलं की "ऑक्टोबर छाटणी झाली आणि डोळे उघडून काडी ढगांकडे धास्तीने बघत होती", तर झोपलेला शब्द खडबडून जागा झाला, आणि ज्याची बाग त्या दिवसात अवकाळीत सापडलीय त्याला ती धास्ती कुठे लागते ते सांगायला नको. अशा ओळीत निर्जीव वस्तू किंवा झाड माणसासारखं वागतं, त्याला चेतनगुणोक्ती म्हणायचं. ओळखायची खूण क्रियापदात असते, हे काम करायला मन लागतं का असं क्रियापदालाच विचारा. बघणं, रुसणं, दमणं, वाट पाहणं. "उन्हाळ्यात गोदावरी दमून बसते" मधे दमली कोण?

चौथी पायरी: दोन गोष्टी शोधा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा

बहुतेक अर्थालंकार तुलनेवर चालतात. जिच्याबद्दल बोलतोय ती गोष्ट उपमेय, जिच्याशी तुलना केली ती उपमान, दोघींत जे सारखं आहे ते साधर्म्य, आणि ते दाखवणारा शब्द तो साधर्म्यसूचक. मुलांचा गोंधळ पहिल्या दोनात होतो. सोपं आहे, जी गोष्ट खरोखर समोर आहे ती उपमेय, जी कवीच्या डोक्यातून आली ती उपमान.

आता थंडीत निफाडच्या बाजूला सकाळी सात वाजता द्राक्षबागांवर धुकं असतं ते डोळ्यापुढे आणा. धुकं समोर आहे, कापूस डोक्यात आलाय. त्या दोघांना हळूहळू जवळ आणू.

"धुकं पिंजलेल्या कापसासारखं पसरलंय." दोघं वेगळे, फक्त सारखे. उपमा.

"धुकं म्हणजे जणू कोणी रात्रभर बसून पिंजलेला कापूसच." अजून खात्री नाही पण मन म्हणतंय तोच असेल. उत्प्रेक्षा.

"धुक्याचा कापूस बागांवर पसरलाय." आता सारखा नाही, जणू नाही, धुकं आणि कापूस एकच झाले, दोघांची नावं मात्र अजून ओळीत आहेत. रूपक.

"हे धुकं नाहीच, कापूस आहे." उपमेय चक्क नाकारलं. अपन्हुती. यात "नाही", "नव्हे", "कसलं" असं काहीतरी नाकारणारं हमखास असतं.

"कापूस पण खरखरीत वाटेल इतकं मऊ धुकं." उपमेयाने उपमानाला मागे टाकलं. व्यतिरेक.

मग दोन भावंडं येतात जी नेहमी एकमेकांत मिसळतात. "हे धुकं म्हणायचं का कापूस?" इथे बघणारा दोघांच्या मधे अडकलाय, ठरत नाहीये, तो ससंदेह. आणि पहिल्यांदाच गावाकडे आलेलं लहान पोर धुकं बघून "आजी, बागेला आग लागली" म्हणून पाण्याची कळशी घेऊन धावलं, तर त्याला शंकाच नाहीये, त्याची खात्रीने चूक झालीय, धुक्याला तो धूरच समजला आणि तसा वागलाही. तो भ्रांतिमान. शंका असेल तर ससंदेह, पक्की चूक असेल तर भ्रांतिमान, हे एवढं लक्षात ठेवलं की या दोघांत कधी मार्क जाणार नाहीत.

ही शिडी मी प्रत्येकाला स्वतःच्या एका वस्तूवर करायला लावते. भाचीने मिसळीवरच्या तर्रीवर केली, शेजारच्या मुलाने पंचवटी एक्स्प्रेसच्या गर्दीवर. स्वतः सात वाक्य लिहिली की दुसऱ्याची ओळखायला वेळ लागत नाही, वाचून वाचून जे महिन्यात होत नाही ते लिहून एका दुपारी होतं.

शालिमारला कालिदास कलामंदिर आहे, आपण तिथे नाटकं बघतो, त्या कालिदासाबद्दल संस्कृतात म्हणच आहे "उपमा कालिदासस्य", उपमा असावी तर कालिदासाची. म्हणून मी मुलांना सांगते की उपमा सगळ्यात सोपी म्हणून पहिली शिकवतात, हलकी म्हणून नाही.

पाचवी पायरी: खुणेच्या शब्दांवर विश्वास ठेवू नका

आता माझी चूक. परीक्षेत ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ओवी आली होती:

माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके ।
ऐसी अक्षरें रसिकें । मेळवीन ॥

मला "परि" दिसलं, तक्त्यात परी म्हणजे सारखा, लिहून टाकलं उपमा. पण इथला परि म्हणजे "पण". ज्ञानेश्वर म्हणतायत माझा बोल मराठीच आहे, पण तो पैजेवर अमृतालाही जिंकेल अशी अक्षरं मी जुळवीन. बोल उपमेय, अमृत उपमान, आणि उपमेय जिंकतंय. म्हणजे व्यतिरेक. किती मोठी गोष्ट बोललेत ते, आणि मी एक शब्द बघून त्यांना अमृताच्या बरोबरीला आणून बसवलं. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीला गेले की ही ओवी मला दर वेळी आठवते, ज्ञानेश्वरांचा गुरू आणि थोरला भाऊ तिथे आहे.

"सारखा" तर त्याहून फसवा. "सारखं सारखं काय फोन करतेस", इथे सारखं म्हणजे सतत. "माझी गाडी तुझ्या गाडीसारखीच आहे", इथे तुलना आहे, शब्द आहे, तरी उपमा नाही, कारण एका गाडीला दुसऱ्या गाडीसारखी म्हटल्याने मनात काही हलत नाही, ती नुसती माहिती आहे. "वाटे" चं पण तेच, "मला वाटतं आज पाऊस येईल" हा अंदाज आहे, उत्प्रेक्षा नाही. आणि उलट बाजूने, रूपक किंवा व्यतिरेकात खुणेचा शब्द नसला तरी चालतं. म्हणून आधी अर्थ, मग उपमेय उपमान, आणि शब्द अगदी शेवटी, खात्री करायला.

तुलनेत न बसणारे

यांना मी थोडक्यात घेते, कारण वरचं पक्कं झालं की हे आपोआप दिसायला लागतात. गोष्ट प्रमाणाबाहेर फुगवली की अतिशयोक्ती. वरून स्तुती आणि आतून निंदा किंवा त्याच्या उलट असेल तर व्याजस्तुती, जसं उशिरा आलेल्या मित्राला "वा, काय वेळेवर आलास, पिक्चर संपायला अजून पाच मिनिटं आहेत". काहीही न फुगवता एखाद्याची हालचाल, सवय जशीच्या तशी उतरवली की स्वभावोक्ती, आणि हा अलंकार लोक सोडून देतात कारण त्यात चमकणारं काही दिसत नाही, पण घाटावर माळ विकणारी आजी सुट्टे पैसे देताना नाणं आधी कपाळाला लावते हे नुसतं नीट लिहिणं मला तरी फार अवघड वाटतं.

विरोधावर चालणारे जरा कठीण. "धरण उशाला आणि कोरड घशाला" आपण टँकरच्या दिवसात म्हणतो. उशाला घशाला हे यमक कानालाच कळतं. अर्थात काय आहे? कारण हजर आहे, पाणी जवळ आहे, आणि त्याचा परिणाम, तहान भागणं, होत नाहीये. संस्कृतात याला विशेषोक्ती म्हणतात, शाळेच्या परीक्षेत बहुतेक विचारत नाहीत पण माहीत असावं. विरोधाभास वेगळा, तिथे ऐकताना विरोध वाटतो आणि विचार केला की विरोध नसतोच, जसं "सगळं वाटून टाकलं तेव्हा ती श्रीमंत झाली".

सहावी पायरी: न बोललेलं ऐका

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमधे एकच प्रश्न असतो, दुतोंड्या मारुतीला, म्हणजे नदीपात्रातल्या मारुतीच्या उंच मूर्तीला, कुठपर्यंत पाणी आलं. कोणी सांगतं "कमरेला लागलं". हे वाक्य शब्दशः खरं आहे, कुठेही अडत नाही, उपमा नाही रूपक नाही. पण घाटाजवळचा दुकानदार ते ऐकून माल वर चढवायला लागतो, शाळेतलं पोर उद्या सुट्टी म्हणून खूश होतं, आणि नदीपलीकडे माहेर असलेली बाई फोन लावते. एक वाक्य, तीन अर्थ, आणि तिघांपैकी एकही अर्थ शब्दात नाही. ही व्यंजना. जुन्या ग्रंथात यासाठी "सूर्य मावळला" हे उदाहरण असतं, तेही असंच, ऐकणाऱ्याप्रमाणे अर्थ बदलतो. कविता वाचताना जिथे काहीच अडत नाही आणि तरी आपण थांबतो, तिथे एकदा विचारा की हे कोण कोणाला म्हणतंय आणि कधी. या पायरीवर मार्क नसतात पण माझ्यासाठी कविता इथे सुरू होते.

सराव

एक वही, एक कविता, तीन दिवस. पहिल्या दिवशी फक्त मोठ्याने वाचून आवाजाच्या खुणा, दुसऱ्या दिवशी जिथे अर्थ अडतो तिथे रेघ आणि बाजूला उपमेय उपमान, आणि तिसऱ्या दिवशी नाव द्यायचं. नाव शेवटीच द्या, पहिल्या दिवशी दिलं की पुढे बघायचं बंद होतं. कवितासंग्रह विकत घ्यायची गरज नाही, सार्वजनिक वाचनालय, आपली सावाना, १८४० पासून आहे. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो, गावात कविता वाचनाचे कार्यक्रम होतात, तिथे वही घेऊन बसा, कागद समोर नसताना नुसत्या कानाने किती पकडता येतं ते कळेल.

खालची पाच आमच्या रविवारच्या वर्गातली, आधी स्वतः करा मग उत्तर बघा.

एक, "गोदेसारखी गोदाच." दोन, "लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा ॥ ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार ॥" तीन, "तर्री अशी की चमचा बुडवला तर चमच्याला घाम फुटावा." चार, "पाऊस त्र्यंबकला, पूर रामकुंडाला." पाच, "फायनल हरलो, नाशिकचं नाक कापलं गेलं."

पहिला अनन्वय, उपमेयाला दुसरं उपमानच सापडलं नाही म्हणून तिची तुलना तिच्याशीच. दुसरा तुकोबांचा दृष्टांत, आधी मागणं आणि मग ते पटवायला मुंगी आणि हत्ती. तिसरी अतिशयोक्ती, आणि चमच्याला घाम म्हणून चेतनगुणोक्ती लिहिलं असेल तर तेही चूक नाही. चौथ्यात तिघांनी असंगती लिहिलं, पाऊस हे कारण एकीकडे आणि पूर हा परिणाम दुसरीकडे म्हणून, पण मधून नदी वाहते, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर पडलेलं पाणी खाली येणारच, ही साधी खरी बातमी आहे, शेवटच्या "ला" ची जुळणी सोडली तर अलंकार नाही.

पाचवं भाचीने फोडलं. नाशिक म्हणजे इथे नाशिकची टीम, लक्षणा. नाक कापणं म्हणजे अब्रू जाणं, हा वाक्प्रचार इतका वापरून झालाय की त्यात कोणाला नाक दिसत नाही. मग ती थांबली आणि म्हणाली, मावशी पण लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथेच कापलं म्हणून तर नाशिक म्हणतात ना, मग पुण्याचं नाक कापलं आणि नाशिकचं नाक कापलं ही दोन वाक्यं सारखी कशी होतील? तिने वहीत "श्लेष" लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, आणि मी ते प्रश्नचिन्ह खोडायला सांगितलं.